होडीची मोटार : निवड, निगा आणि बिघाड

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे "होडीची मोटार" हा विषय वाचून सकाळपासून अनेकांनी आम्हाला विचारले, "सेक्रेटरीसाहेब, पेन्शन, बदल्या, रिक्त जागा हे सगळे सोडून होडी कुठून आणलीत? जबलपूरला समुद्र आहे का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आम्ही मॅट्रिक झालो आणि रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो. गावी मालवणकडे पत्र गेले, तेव्हा आजीने पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनलाच विचारले, "खलाशी झाला, पण कोणत्या बोटीवर?" शेडमध्ये पाना-हातोडी उचलणारा तो खलाशी आणि समुद्रात जाळे ओढणारा तोही खलाशीच. आजीला फरक समजावता समजावता पोस्टमनच्या नाकी नऊ आले. पण आज इतक्या वर्षांनी आम्हाला वाटते, की आजीचे फारसे चुकले नव्हते. इंजिन बंद पडले की दोघांचे हात सारखेच काळे होतात. फरक एवढाच, की आमचे इंजिन बंद पडले तर गाडी रुळावर उभी राहते. त्याचे बंद पडले तर होडी उभी राहत नाही. वारा नेईल तिकडे जाते.

आता मुद्द्यावर येतो. निवृत्त होणारे सोबती फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन आमच्या कचेरीत येतात, तेव्हा आम्ही त्यांना विचारतो, की पैशाचे काय करणार? मुलीचे लग्न आणि घर ही दोन उत्तरे नेहमीची. पण सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडकडचा माणूस असला की पुष्कळदा तिसरे उत्तर येते, "भावाच्या होडीला मोटार घ्यायची आहे." तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा पैसा एका यंत्रात जातो. यंत्र चुकीचे निघाले तर पैसा जातोच, आणि प्रसंगी माणूसही जातो. म्हणून हा विषय कामगारांच्या अभ्यासवर्गात आलाच पाहिजे.

आणि जबलपूरला समुद्र नसला तरी पाणी आहे. नर्मदेवरील बरगी धरणाचे काम १९७४ साली सुरू झाले आणि १९९० साली ते पुरे झाले. राणी अवंतीबाई लोधी सागर असे जलाशयाचे नाव. सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि साडेचार किलोमीटर रुंद असे हे पाणी आहे. त्यापायी मंडला, शिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ लागली. ज्यांची शेती पाण्याखाली गेली त्यांतल्या अनेकांनी जाळे हाती धरले. लढा देऊन १९९४ साली त्यांनी आपल्या सहकारी संस्थांच्या संघासाठी मासेमारीचा हक्क मिळवला. तो हक्क पुढे त्यांच्या हाती टिकला नाही, ती वेगळी कहाणी आहे. पण त्या पाण्यावरच्या पुष्कळ होड्या आजही वल्ह्यांवर चालतात आणि मोटारीची चौकशी तिथेही होते. आपल्यातले काही सोबती त्या गावांतलेच आहेत. तेव्हा समुद्राची होडी आणि जलाशयाची होडी, दोन्हींचा विचार आज करू.

चाळीस घोड्यांची गोष्ट

आमच्या शेडमधले एक सोबती २०१४ साली निवृत्त झाले. नाव सांगत नाही, कारण त्यांनाच ते आवडणार नाही. त्यांनी पुतण्याच्या होडीसाठी मोटार घेतली. होडी साधारण पंचवीस फुटी, वजनदार. विक्रेत्याने सांगितले, की जितकी ताकद जास्त तितकी मासळी जास्त. सोबत्यांनी चाळीस अश्वशक्तीची, दोन स्ट्रोकची, वापरलेली मोटार उचलली. पहिल्या दिवशी बंदरावर पेढे वाटले. महिनाभरात लक्षात आले, की मिळालेल्या मासळीतला मोठा वाटा पेट्रोलच्या टाकीत जातो आहे. आणि वेग? शेजारची दहा अश्वशक्तीची होडी थोडीशीच मागे राहायची. वर्षभराने मोटार बंद पडली. त्या बनावटीचा सुटा भाग जवळपास कुठे मिळेना, ती उघडणारा मिस्त्रीही मिळेना. पुढे ती मोटार ताडपत्रीखाली पडवीत पडून राहिली आणि पुतण्याने पुन्हा वल्ही हाती घेतली.

यात चूक कोणाची? पुतण्याची नाही. आमच्या सोबत्यांचीही पूर्ण नाही. त्यांना हिशेब सांगणारे कोणी नव्हते. तो हिशेब आज आपण मांडू.

पहिला हिशेब : लांबी आणि वजन

मालगाडीला इंजिन लावताना आपण आधी भार आणि चढ विचारतो. होडीचेही तसेच आहे. जड होडी पाणी कापत जाते तेव्हा पुढे-मागे लाटा उठवते. वेग वाढला की ती आपल्याच लाटेच्या चढावर चढू लागते. तिथून पुढे कितीही ताकद लावा, वेग थोडाच वाढतो, इंधन मात्र भरमसाट जळते.

ही मर्यादा काढायला मॅट्रिकचे गणित पुरते. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे नॉटमधला वेग. सोळा फुटांचे वर्गमूळ चार, म्हणून ५.३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे दहा किलोमीटर. पंचवीस फुटांचे वर्गमूळ पाच, म्हणून ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. हलकी, सपाट बुडाची फायबरची होडी रिकामी असली तर पाण्यावर उचलून याच्या पुढे पळते. पण जाळी, बर्फ, माणसे आणि मासळी भरली की तिचीही गत जड होडीसारखीच होते.

आता वजन. पंचवीस फुटी होडी स्वतः आठशे किलोची धरा. तीन माणसे दोनशे किलो, जाळी दोनशे, मासळी, बर्फ आणि इंधन मिळून चारशे. एकूण सोळाशे किलो, म्हणजे १.६ टन. अशा होडीला एका टनामागे तीन ते पाच अश्वशक्ती पुरते. म्हणजे आठ अश्वशक्तीत काम भागते. उलट वाऱ्यासाठी थोडी राखीव धरली तर दहा. आमच्या सोबत्यांनी घेतली होती चाळीस!

आणखी एक गोष्ट. या मर्यादेच्या जवळ गेल्यावर पाच नॉटवरून सहा नॉटवर जायचे तर तासाचे इंधन दीडपटीहून अधिक लागते. म्हणून मूठ थोडी मागे घेणे हीच सर्वांत स्वस्त बचत. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

दुसरा हिशेब : इंधन

होडीच्या मागच्या फळीला लावायच्या मोटारी मुख्यतः चार प्रकारच्या. पूर्ण जोरात चालवल्यास दहा अश्वशक्तीच्या मोटारीला तासाला किती लागते ते पाहा.

दोन स्ट्रोकची पेट्रोल मोटार हलकी, साधी आणि दुरुस्तीला सोपी असते, पण तासाला सुमारे पाच लिटर पेट्रोल पिते, आणि त्यात तेल मिसळावे लागते ते वेगळेच. चार स्ट्रोकच्या मोटारीला तीन ते साडेतीन लिटर लागतात. ती जड आणि महाग, पण रोज दूर जाणाऱ्याची फरकाची रक्कम इंधनातून भरून निघते. डिझेल मोटारीला दोन ते अडीच लिटर पुरतात. ती सर्वांत काटकसरी, पण वजनाला जास्त आणि हादरे देणारी. हलकी होडी असेल तर तिच्या फळ्यांना आणि सांध्यांना ते सोसेल का, हे आधी बघावे लागते. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला लांब दांडा लावून त्याच्या टोकाला पंखा बसवतात. उथळ पाण्यात आणि पाणवनस्पतीत हा लांब दांडा झटकन वर उचलता येतो.

चौथी केरोसीनची मोटार. केरळात हिचा प्रसार मोठा. ही पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की केरोसीनवर घ्यायची, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे पेट्रोलवर चालवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहते. हे शेवटचे काम विसरले की दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. शिवाय रेशनचे केरोसीन आता पूर्वीसारखे मिळत नाही. आपल्या बंदरात ते कायदेशीरपणे आणि नियमित मिळते का, हे पाहिल्याखेरीज ही मोटार घेऊ नये.

पेट्रोलवाल्यांना एक नवी सूचना. २०२५ सालापर्यंत देशभर पंपांवरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत दमट हवा शिरली, पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिले, की पाणी आणि इथेनॉल खाली बसते आणि मोटार नेमके तेच आधी ओढते. जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. म्हणून पेट्रोल ताजे भरावे, हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, नळी दर हंगामाला दाबून पाहावी आणि तडा दिसला तर बदलावी.

बरगीसारख्या जलाशयात विजेच्या मोटारीचाही विचार करता येतो. धूर नाही, तेलाचा तवंग नाही, आणि ज्या नर्मदेचे पाणी आपण पितो ती स्वच्छ राहते. पण हिशेब सरळ आहे. बारा व्होल्टची छोटी मोटार पूर्ण जोरात पन्नास अँपिअरच्या आसपास ओढते. शंभर अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही. म्हणजे पूर्ण जोरात एक तास, तोही नाही. मंद चालवली तर काही तास मिळतात. काठाजवळ जाळी लावणाऱ्या एकट्या माणसाला ती पुरेल. साडेचार किलोमीटरचे पाणी वाऱ्यात पार करणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

तिसरा हिशेब : दांडा आणि पंखा

मोटार चांगली असूनही होडीला बसत नाही, याचे कारण बहुधा दांड्याची लांबी. मागच्या फळीची उंची पंधरा इंच असेल तर आखूड दांडा, वीस इंच असेल तर लांब दांडा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या किंचित खाली, साधारण इंचभर, आली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मोटार किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर विनाकारण पाणी ओढत राहते. मोजपट्टी घेऊन आधी फळी मोजा, मग दुकानात जा.

पंख्यावर इंचात दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल तो. हा दुसरा आकडा हलक्या, पळणाऱ्या होडीला मोठा आणि जड होडीला लहान हवा. ओळखायचे कसे? होडी भरून पूर्ण जोर दिला आणि मोटार पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर पंखा तिला जड जातो आहे. दुसरा आकडा एका इंचाने कमी केला की मिनिटाला साधारण दोनशे फेरे वाढतात. मालगाडीला एक्सप्रेसचे गिअर लावले तर जे होईल तेच इथे होते.

चौथा हिशेब : दुरुस्ती करणारा हात

आता आमच्या सांगण्यातला मुख्य मुद्दा. शेडमध्ये प्रत्येक जातीचे इंजिन कुठल्या शेडचे ते ठरलेले असते. का? कारण एका जातीची इंजिने एका ठिकाणी असली की तिचे सुटे भाग, हत्यारे आणि तिची खोड ओळखणारे हात त्या एका ठिकाणी जमतात. दहा शेडमध्ये दहा जातींची दहा-दहा इंजिने विखरून ठेवली असती तर रेल्वे कधीच बंद पडली असती.

आमच्या बंदरांवर मात्र नेमके हेच होते. प्रत्येकाची मोटार वेगळी. एकाचा पाणपंप दुसऱ्याला लागत नाही. पाच होड्या पाच प्रकारे बंद पडतात आणि पाच मिस्त्री शोधत हिंडतात. म्हणून आमचे म्हणणे असे, की मोटार एकट्याने घेऊ नका. बंदरातल्या निदान पाच-सात होड्यांनी एकत्र बसून एकच बनावट आणि एकच ताकद ठरवावी. जिचे सुटे भाग जवळच्या तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी उघडणारा माणूस पंचक्रोशीत आहे, तीच निवडावी. एकत्र खरेदीत भावही उतरतो. मग वर्गणी काढून सामाईक पेटी करावी. तिच्यात प्लग, पाणपंपाचा रबरी चक्र, शिअर पिना, स्टार्टरची दोरी, इंधनाचा फिल्टर, एक जादा पंखा. आणि गावातला एक चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी शिकून तयार करावी. सहकार म्हणजे केवळ वार्षिक सभा नव्हे, हेही सहकारच.

वापरलेली मोटार घेताना इंजिन क्रमांक आणि पावती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पावतीखेरीज नोंदणी अडते. अनुदान मिळते का, याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्यात खरेदीच्या आधी करावी. खरेदीनंतर केलेला अर्ज बहुधा फुकट जातो.

बिघाड : घाबरू नका, क्रम सोडू नका

आता दुसरी गोष्ट सांगतो. २०१७ साली हिवाळ्यात आमच्या चुलतभावाची होडी किनाऱ्यापासून काही मैलांवर बंद पडली. तिघे जण होते. रात्रभर दोरी ओढली. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि होडी बाहेर बाहेर जात होती. वल्ही घरी राहिली होती, कारण मोटार घेतल्यापासून वल्ही जड वाटू लागली होती. पहाटे इकडे जबलपूरला आम्हाला फोन आला. त्या दिवशी ड्यूटीवर आमचे हात चालेनात. दुपारी दुसऱ्या एका होडीने त्यांना पाहिले आणि ओढून आणले. किनाऱ्यावर मिस्त्रीने पाहिले, तर मोटारीत काही बिघाड नव्हता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता. आत हवा शिरेना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. दोन बोटांनी फिरवायचा स्क्रू, त्यापायी तीन जिवांचा खेळ!

आमच्या गाडीवाल्या बांधवांकडे ट्रबल शूटिंग डिरेक्टरी असते. इंजिन बंद पडले की आधी काय, मग काय, हे क्रमाने लिहिलेले. भर जंगलात, रात्री, डोके गोंधळलेले असताना तो क्रमच माणसाला सोडवतो. तशीच डिरेक्टरी आज आपण होडीसाठी करू.

एक. आधी नांगर टाका. होडी थांबली तर वेळ आपल्या हातात राहतो. खोल पाणी असेल तर वल्ह्यांनी तोंड लाटेकडे धरा.

दोन. सोपे आधी पाहा. थांबवण्याच्या बटणाची दोरी निसटली आहे का? गिअर मोकळा आहे का? टाकीत इंधन आहे का? झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळी पायाखाली किंवा पेटीखाली दबली आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहा. तो कडक व्हायला हवा आणि त्यावरचा बाण मोटारीकडे हवा. फुगा मऊच राहिला तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे. आत चेपलेलाच राहिला तर टाकीकडून इंधन येत नाही. फिल्टरच्या वाटीत खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी समजा.

तीन. प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. प्लग पुसा, चोक बंद करा, मूठ उघडी ठेवून चार-पाच वेळा दोरी ओढा, मग प्लग बसवा. कोरडा असेल तर इंधन पोचत नाही, म्हणजे पुन्हा मागच्या कलमाकडे जा. ठिणगी पाहायची असेल तर सांडलेले पेट्रोल आधी पुसून काढा, आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर, धातूला टेकवून धरा. प्लग काळा आणि तेलकट असेल तर तेलाचे प्रमाण तपासा. काही मोटारींना पन्नासास एक, काहींना पंचवीसास एक तेल लागते. दहा लिटरला पहिल्यात २०० मिलिलिटर, दुसऱ्यात ४००. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, आणि मग दुरुस्ती नव्हे, नवी मोटार.

चार. मोटार चालू आहे, पण मागून पाण्याची बारीक धार पडत नाही? ताबडतोब बंद करा. ती धार म्हणजे मोटारीची नाडी. बहुधा पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ बसलेले असते. ते काढा. तरी धार आली नाही तर पाणपंपाचा रबरी चक्र गेला. त्यावर घरी जायचा हट्ट धरू नका.

पाच. मोटार जोरात फिरते, पण होडी जात नाही? लहान मोटारीत पंख्याची शिअर पिन तुटली असेल. ती मुद्दामच नाजूक केलेली असते, दगडाला लागल्यावर गिअरऐवजी ती तुटावी म्हणून. बरगीसारख्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडलेल्या झाडांचे खुंट वर येतात, तिथे हे हमखास होते. जादा पिना जवळ ठेवा. त्या जागी खिळा ठोकू नका, नाहीतर पुढच्या धक्क्याला गिअर जाईल. पंख्याच्या मागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळला आहे का, तेही पाहा. तो धागा आतले रबरी सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरे दिसले की तेच झाले समजावे. पंख्याला हात लावण्यापूर्वी मोटार बंद करा आणि प्लगची वायर काढा. बोटे पुन्हा उगवत नाहीत.

सहा. डिझेल असेल तर शेडमधले ज्ञान जसेच्या तसे चालते. इंधन संपवून पुन्हा भरले की नळीत हवा अडकते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हाताच्या पंपाने डिझेल ढकला, बुडबुडे थांबले की आवळा. धूर काळा असेल तर भार जास्त, पंखा जड किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. निळा असेल तर इंजिन तेल जळते आहे. पांढरा राहिलाच तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत गेले आहे. मोठ्या इंजिनाच्या धुराने आम्हाला हेच शिकवले आणि छोटे इंजिनही तेच सांगते.

सात. मोटार पाण्यात पडली तर वर काढून उन्हात वाळत ठेवू नका. हवा लागली की गंज चढतो. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून आतले पाणी ओता, आत तेल सोडा, हाताने फिरवून पाहा आणि त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या.

निगा

खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज दहा मिनिटे मोटार गोड्या पाण्यात चालवा. यावर एक पैसा खर्च नाही, पण आम्ही पाहिलेल्या निम्म्या मोटारी या आळसाने गेल्या. मोटारीच्या खालच्या भागावर जस्ताचा एक तुकडा असतो. समुद्राचे पाणी मोटारीऐवजी त्याला खाते. तो निम्मा झाला की बदला, आणि त्याला रंग लावू नका.

मोठी तपासणी बंदीच्या काळात करावी. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै, आणि मध्य प्रदेशच्या जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. गिअरचे तेल, पाणपंपाचा चक्र, प्लग, नळ्या हे सगळे तेव्हाच बदलून घ्यावे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करताना मोटारीचे काम अर्धे राहिलेले नसावे.

आणि बंधूंनो, मोटार कितीही नवी असो, होडीत दोन वल्ही, नांगर आणि पुरेशी दोरी, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, पिण्याचे पाणी, विजेरी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला भरलेला मोबाइल असलाच पाहिजे. समुद्रात संकट आले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ हवा. जाताना कुठे जातो आणि कधी परततो, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जावे. आमच्या चुलतभावाने ते सांगितले होते, म्हणून दुसरी होडी शोधायला निघाली.

शेवटी

आमचे वर्गापुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, जो सोबती निवृत्तीच्या पैशातून होडीसाठी मोटार घेणार असेल त्याने आधी कचेरीत यावे. आम्ही एक कागद तयार केला आहे. त्यावर होडीची लांबी, भरलेले वजन, मागच्या फळीची उंची, रोजचे अंतर, जवळचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळण्याचे गाव, एवढेच लिहायचे. तो कागद भरल्यावर निम्मा निर्णय आपोआप होतो. दुसरा, डिझेल शेडमधून निवृत्त झालेल्या चार-पाच कारागिरांनी वर्षातून एकदा, बंदीच्या काळात, आठवडाभर कोकणातल्या एखाद्या बंदरावर आणि बरगीच्या एखाद्या गावात जाऊन तरुणांना शिकवावे. प्रवासाची सोय आम्ही पाहू. तिसरा, टपालातल्या सोबत्यांनी आपापल्या गावी ही डिरेक्टरी पोचवावी. एकेकाळी आमच्या आजीपर्यंत बातमी पोस्टमननेच पोचवली होती.

ज्या सोबत्यांची मोटार पडवीत पडली होती ते आज या सभेत बसले आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याने आणि बंदरातल्या आणखी सहा जणांनी मिळून दहा अश्वशक्तीच्या सात मोटारी घेतल्या, सगळ्या एकाच बनावटीच्या. जुन्या मोटारीची ताडपत्री आता सामाईक पेटीवर घातलेली आहे. सोबती आम्हाला म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, माझे पैसे बुडाले ते बुडाले, पण दुसऱ्या कोणाचे बुडू देऊ नका." म्हणूनच आज होडीवर बोललो.

 कामगार एकजुटीचा विजय असो!